आतड्यातली गाठ आणि चिमट्याएवढा तुकडा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी उलट बाजूची निघाली. स्कॅनमध्ये गाठ आहे, बायोप्सीत मात्र कर्करोग नाही. मग हे आहे तरी काय, आणि आता करायचे काय, असा त्यांचा सूर आहे. आतड्यात दाहामुळे होणाऱ्या आणि कर्करोगाशी हुबेहूब साम्य असणाऱ्या गाठी थोड्या असल्या तरी आपल्या भागात त्या अगदीच अपरिचित नाहीत. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत. औषधांची नावे आणि मुदती माहितीसाठी दिल्या आहेत. त्या वाचून कोणी स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५२ आहे. तीन महिन्यांत वजन नऊ किलोने उतरले, हिमोग्लोबिन कमी आहे आणि उजवीकडे खाली दुखते. सी. टी. स्कॅनमध्ये ‘सीकममध्ये मास’ (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठ) असे लिहिले आहे. कोलोनोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याचा अहवाल ‘अविशिष्ट दाह, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत’ असा आला. आम्ही घरी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते, तोच डॉक्टरांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करायला सांगितली. एकदा ‘नाही’ आल्यावर हा खर्च कशासाठी?

उत्तर : पेढे थोडे थांबवलेत हे बरे केले. अहवालातले वाक्य नीट वाचा. ‘कर्करोग नाही’ असे त्यात लिहिलेले नाही. ‘दिसला नाही’ असे लिहिले आहे, आणि तेही त्या तुकड्यापुरते. कोलोनोस्कोपीच्या नळीतून जो चिमटा आत जातो, त्याच्या जबड्यात मावणारा तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा असतो. काचपट्टीवर त्याचा पातळ काप घेतला की मूळ गाठीचा फारच अल्प अंश पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांखाली येतो. चार-पाच सेंटिमीटरच्या गाठीचा पृष्ठभाग पुष्कळदा कुजलेला किंवा सुजलेला असतो. चिमटा तेवढ्यावरच बसला, तर कर्करोग खाली असूनही अहवाल ‘दाह’ असाच येणार. क्षयरोगातही हीच अडचण येते, कारण क्षयाच्या खास गाठुल्या आतड्याच्या अस्तराखालच्या थरात अधिक असतात आणि वरवरच्या तुकड्यात त्या सापडत नाहीत.

म्हणून दुसरी कोलोनोस्कोपी ही पहिलीची पुनरावृत्ती ठरता कामा नये. ती वेगळ्या पद्धतीने व्हायला हवी. निदान आठ तुकडे घ्यावेत, ते व्रणाच्या कडेचेही असावेत आणि तळाचेही, आणि एकदा तुकडा काढलेल्या जागी पुन्हा चिमटा लावून खोलवरचा भाग घ्यावा. सगळ्यांत महत्त्वाची, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट अशी की, दोन-तीन तुकडे फॉर्मालिनमध्ये न टाकता साध्या सलाइनच्या बाटलीत वेगळे ठेवायला हवेत. फॉर्मालिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात आणि मग त्या तुकड्यातून जंतू वाढवून पाहण्याची सोय राहत नाही. तपासणीच्या दिवशी नातेवाईक म्हणून तुम्ही एवढेच विचारा : ‘डॉक्टर, सलाइनमधला नमुना टीबीच्या तपासणीसाठी जाणार आहे ना?’ या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही. उलट ‘बरे झाले आठवण केलीत’ असे म्हणणारे भेटतात.

सीईए नावाच्या रक्ततपासणीवर विसंबू नका. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि काही दाहांमध्येही तिचा आकडा चढलेला असतो, आणि कर्करोग असूनही ती सामान्य येऊ शकते. निदानासाठी तिचा उपयोग फारसा नाही. कर्करोग सिद्ध झाल्यावर पुढचा पाठपुरावा करताना ती कामाची.

दुसऱ्या वेळीही काहीच निष्पन्न झाले नाही, तर? बावन्न वर्षांचा माणूस, वजन उतरलेले, रक्त कमी आणि सीकममध्ये गाठ अशा परिस्थितीत अनेक शल्यविशारद तो भाग शस्त्रक्रियेने काढून तपासण्याचा सल्ला देतील, आणि तो सल्ला मला रास्त वाटतो. काढलेली गाठ शेवटी साध्या दाहाची निघाली, तर शस्त्रक्रिया वाया गेली असे मानू नये.

प्रश्न : माझे वय २४ आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते तिथे सूज आणि गाठ आहे. एका डॉक्टरांच्या मते टीबी, दुसऱ्यांच्या मते क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह). बायोप्सीत ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहपेशींची गाठुली) आहे, पण टीबीचे जंतू सापडले नाहीत. पुरावा नसताना सहा महिने टीबीची औषधे घेणे योग्य आहे का? माझे लग्न ठरले आहे.

उत्तर : हा प्रश्न तुमच्या दोन डॉक्टरांचाच नाही, भारतातल्या प्रत्येक पोटविकारतज्ज्ञाला तो दर आठवड्याला पडतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ साली क्रोन्स या आजाराचे वेगळेपण मांडले, त्याआधी अशा बऱ्याच आतड्यांवर क्षयाचाच शिक्का बसत असे. आपल्याकडे मात्र दोन्ही आजार एकाच जागी, एकाच वयात आणि जवळजवळ एकाच रूपात आढळतात. लसिका ऊती भरपूर असल्यामुळे आणि अन्न तिथे रेंगाळत असल्यामुळे त्या सांध्यावर क्षयाची विशेष मर्जी असते.

फरक करण्यासाठी एकच निर्णायक खूण नाही. पुष्कळ बारीक खुणांची बेरीज करावी लागते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, पोटात पाणी, सी. टी. स्कॅनमध्ये मध्यभाग कुजलेल्या लसिकाग्रंथी, आतड्याच्या परिघाभोवती आडवे पसरलेले व्रण आणि ‘आ’ वासलेली इलिओसीकल (लहान आणि मोठ्या आतड्यामधली) झडप या गोष्टी क्षयाकडे झुकतात. ही झडप निरोगी माणसात मिटलेल्या ओठांसारखी दिसते. क्षयात ते ओठ आक्रसून मागे जातात आणि नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याला लहान आतड्याचे तोंड सताड उघडे दिसते. ज्याने हे एकदा पडद्यावर पाहिले तो ते विसरत नाही. याउलट वर्षानुवर्षे चाललेले जुलाब, गुदद्वाराभोवती भगंदर, आतड्याच्या लांबीला समांतर उभे व्रण आणि रोगग्रस्त भागांच्या मध्ये निरोगी आतडे हे सारे क्रोन्सच्या बाजूने जाते. ग्रॅन्युलोमा दोन्हींत असतात. क्षयातले मोठे, संख्येने अधिक आणि एकमेकांत मिसळलेले. क्रोन्समधले लहान आणि सुटे. त्यात पनीरासारखी कुजण्याची खूण दिसली, तर प्रश्न बहुतांशी सुटतो. पण ती प्रत्येक तुकड्यात थोडीच मिळते!

जंतू सापडले नाहीत, याचा अर्थ क्षय नाही असा होत नाही. आतड्याच्या क्षयात जंतूंची संख्या फार कमी असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात, जंतूंचे जनुक शोधणारी जीन एक्सपर्ट तपासणीही बऱ्याचदा हुकते, आणि जंतूंच्या वाढीचा अहवाल यायला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. छातीचा एक्स-रे निर्दोष असणे हेही आतड्याच्या क्षयाविरुद्धचा पुरावा नव्हे; अशा बहुतेक रुग्णांचा तो निर्दोषच असतो. मँटू या त्वचेवरच्या टीबी चाचणीबद्दल एवढेच म्हणतो, की आपल्या देशात ती सकारात्मक आली तरी फारसे काही सिद्ध होत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दोन्ही शक्यता तुल्यबळ असतील, तर आपल्याकडे आधी क्षयाचा उपचार सुरू करण्याची पद्धत आहे, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे. क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने दिली आणि मुळात क्षय निघाला, तर तो शरीरभर पसरून जीवावर बेतू शकते. उलट चूक झाली, म्हणजे क्रोन्स असताना क्षयाची औषधे दिली, तर काही महिने हातचे जातात. हे नुकसानही क्षुल्लक नाही, कारण दरम्यान आतडे आकसत जाते. म्हणून ‘सहा महिने घ्या, मग बघू’ असे म्हणणे मला मान्य नाही. औषधे सुरू केल्यावर दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करावी आणि व्रण भरले का ते डोळ्यांनी पाहावे. क्षय असेल तर एवढ्या काळात ते भरून येतात. रुग्णाला ‘बरे वाटते’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये. क्रोन्सच्या रुग्णांनाही या औषधांवर काही काळ बरे वाटते, पण त्यांचे व्रण तसेच राहतात. व्रण भरले नसतील, तर त्याच वेळी निदानाचा फेरविचार व्हायला हवा. त्यात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचाही विचार येतो, आणि सलाइनमधल्या तुकड्याची आठवण होते ती इथेच.

उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि नंतरचे चार महिने तीन. वजनानुसार रोज, आणि सरकारी कार्यक्रमातून मोफत. नोंदणी झाल्यावर निक्षय पोषण योजनेची मदतही मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती महिना १००० रुपये आहे. लघवी नारिंगी होईल, त्याला घाबरू नका. नजर अंधूक झाली, रंग ओळखण्यात फरक पडला, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लग्नाचे म्हणाल तर आतड्याचा क्षय शेजारी बसल्याने कोणाला होत नाही. फुप्फुसात क्षय नाही ना एवढी खात्री करून घ्या. या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरतात, तेव्हा या काळात दुसरा उपाय वापरावा लागेल. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून मुद्दाम लिहिली.

व्रण भरले तरी आतड्यातला अरुंद झालेला भाग कधी कधी तसाच राहतो. तो रोग नव्हे, रोगाचा वण आहे. त्याने आतडे अडत असेल, तर फुग्याने रुंद करणे किंवा छोटी शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. क्षयाची औषधे आणखी सहा महिने लांबवून तो वण सैल होत नाही.

प्रश्न : मी कोकणात शेती करतो. पावसाळ्यात आव पडली, मग उजव्या कुशीत गोळा लागू लागला. शहरात ‘बहुतेक कॅन्सर, ऑपरेशन करा’ असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘अमीबाचा गोळा’ म्हणून दहा दिवस गोळ्या दिल्या आणि गोळा विरघळल्यासारखा झाला. असे खरेच होते का? की कॅन्सर दबून बसला आहे?

उत्तर : असे खरेच होते. या गोळ्याला अमीबोमा म्हणतात. एन्टअमीबा हिस्टोलिटिका नावाचा एकपेशीय जीव मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतो आणि आत पसरतो. त्याने केलेल्या व्रणाचे तोंड अरुंद आणि बूड रुंद असते, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंबूसारखा आकार असतो. आवेवर अर्धवट उपचार होऊन हा संसर्ग रेंगाळला, की काही थोड्या रुग्णांत आतड्याची भिंत सुजून, जाड होऊन तिचा गोळा बनतो. तो बहुधा सीकममध्ये किंवा त्याच्या लगेच वरच्या भागात असतो. हाताला टणक लागतो, स्कॅनमध्ये आतड्याची पोकळी आवळलेली दिसते, आणि भल्याभल्यांना तो कर्करोगच वाटतो.

संडासाच्या तपासणीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे ‘सिस्ट आल्या’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारी सिस्ट (कवचातला अमीबा) रोगकारक अमीबाची आहे की एन्टअमीबा डिस्पार या त्याच्या निरुपद्रवी भावंडाची, हे ओळखता येत नाही. दोन्ही दिसायला सारख्याच. दुसरीकडे, खऱ्याखुऱ्या अमीबोमाच्या रुग्णाच्या संडासात काहीच न सापडणेही नेहमीचे आहे. रक्तातली प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे तो संसर्ग आताचा की जुना हेही त्यातून ठरत नाही. भरवशाचा पुरावा पुन्हा तुकड्यातूनच मिळतो. व्रणाच्या कडेचा तुकडा पीएएस या रंगाने रंगवला, की गडद गुलाबी झालेले अमीबा दिसतात आणि काहींच्या पोटात गिळलेल्या लाल रक्तपेशीही दिसतात. ते चित्र दिसले की वादच उरत नाही.

मेट्रोनिडाझोल हे औषध येण्याआधी या रोगावर एमेटिनची इंजेक्शने देत. कोलकात्यात लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ साली त्यांचा वापर रूढ केला. ती हृदयाला जाचक असत. आजचा उपचार सोपा आहे. मात्र तो दोन टप्प्यांचा असतो, आणि दुसरा टप्पा सर्रास गाळला जातो. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल ऊतींतले अमीबा मारते. आतड्याच्या पोकळीत उरलेले मारायला त्यानंतर डायलोक्झानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दहा दिवस घ्यावे लागते. तुमच्या चिठ्ठीत ते आहे का, पाहा. पत्रात एकाच औषधाचा उल्लेख आहे, म्हणून विचारतो. यकृतात गळू नाही ना, यासाठी एकदा सोनोग्राफीही करून घ्या.

तुमच्या शंकेचा दुसरा अर्धा भाग योग्यच आहे. गोळा हाताला लागेनासा झाला, एवढ्यावर समाधान मानू नका. सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करून ती जागा पूर्ववत झाल्याचे पाहायला हवे. कर्करोगाच्या गाठीवर जंतुसंसर्ग होऊन आलेली सूजही औषधांनी उतरते आणि गोळा लहान झाल्यासारखा वाटतो. मूळ गाठ मात्र तिथेच असते. आणखी एक सावधगिरी म्हणजे, अमीबाचा संसर्ग असताना आतड्याचा दाह समजून स्टेरॉइड दिले गेले, तर आतडे फाटण्यापर्यंत मजल जाते. पुढे कधी पोटाचा त्रास झाला आणि कोणी स्टेरॉइड लिहून दिले, तर हा इतिहास आधी सांगा.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या डाव्या ओटीपोटात दगडासारखी गाठ होती. कॅन्सर समजून मोठ्या आतड्याचा तुकडा काढला. अहवालात ‘ॲक्टिनोमायकोसिस’ आले. आता म्हणतात सहा महिने पेनिसिलिन घ्या. ऑपरेशन चुकीचे झाले का? आणि गाठ काढल्यावर औषध कशाला? तिला अनेक वर्षांपूर्वी कॉपर-टी बसवली होती, तिचा काही संबंध?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच उत्तराची किल्ली आहे. ॲक्टिनोमायसिस हे जंतू आपल्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या जननमार्गात एरवी निमूटपणे राहतात. अस्तर फाटले की ते खोल शिरतात. फुटलेले अपेंडिक्स, जुनी शस्त्रक्रिया, गिळलेला माशाचा काटा किंवा मुदत उलटूनही आत राहिलेली कॉपर-टी ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. ३८० ए या प्रचलित कॉपर-टीची मुदत दहा वर्षे असते. बसवून विसरून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एकीला तर ती कोणत्या साली बसवली ते थोरल्या मुलाच्या दहावीवरून आठवावे लागले होते. बहिणीची कॉपर-टी अजून आत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ती काढून घ्या.

हा जंतू शरीराच्या थरांच्या सीमा मानत नाही. आतडे, चरबी, स्नायू, त्वचा असे सगळे भेदत तो पुढे सरकतो आणि मागे टणक, तंतुमय गाठ सोडतो. शस्त्रक्रियेत हाताला लागते ते लाकूड. शस्त्रक्रियेआधी त्याचे निदान होणे हा अपवाद आहे, कारण रोग अस्तराच्या बाहेर असतो आणि कोलोनोस्कोपीचा चिमटा तिथवर पोहोचत नाही. तेव्हा बहिणीच्या शल्यविशारदांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. आमच्या पिढीला एक गोष्ट शिकवली होती : अशा गाठीतून पू आला, तर तो पुसून टाकू नका, गॉझवर पसरून उजेडात धरा. पिवळसर, रव्यासारखे कण दिसले तर ते वेगळे काढून काचपट्टीवर चिरडायला पाठवा. त्यांना गंधकाचे कण म्हणतात. गंधक त्यात नसते, नाव केवळ रंगावरून पडले आहे. ते कण म्हणजे जंतूंच्या धाग्यांचे गुंते असतात.

औषध कशाला, याचे उत्तर त्या गुंत्यांतच आहे. तंतुमय भिंतीआड बसलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविक सावकाश झिरपते, म्हणून सुरुवातीला काही आठवडे शिरेतून पेनिसिलिन आणि मग अनेक महिने तोंडावाटे, अशी जुनी रीत आहे. रोगग्रस्त भाग पूर्णपणे काढला गेला असेल, तर मुदत कमी करता येते. ते शस्त्रक्रियेची नोंद आणि नंतरचे स्कॅन पाहून तिचे डॉक्टर ठरवतील. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्सिसायक्लिन चालते. पोटाच्या कुठल्याही संसर्गाला आपल्याकडे हमखास दिले जाणारे मेट्रोनिडाझोल या जंतूवर चालत नाही. घरात कोणाला बहिणीपासून लागण होणार नाही. भांडी वेगळी काढली असतील तर ती परत एकत्र करा.

प्रश्न : माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. कोलोनोस्कोपीत पिवळट, मऊ गाठी दिसल्या, बायोप्सीत ‘मॅलॅकोप्लाकिया’. हा शब्द आमच्या गावच्या डॉक्टरांनीही ऐकलेला नाही.

उत्तर : त्यात त्यांचा काही दोष नाही; मीही थोडेच रुग्ण पाहिले आहेत. नाव ग्रीक आहे, अर्थ ‘मऊ चकती’. शरीरातल्या भक्षक पेशी ई. कोलाय जंतूंना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अर्धवट पचलेल्या जंतूंवर कॅल्शियम आणि लोह साचून पेशीच्या आत गोल, वर्तुळात वर्तुळ असे ठिपके तयार होतात. १९०२ साली मायकेलिस आणि गुटमन यांनी ते वर्णिले. हे तेच लिओनोर मायकेलिस, ज्यांचे नाव पुढे एन्झाइमच्या गणितामुळे प्रत्येक जीवरसायनाच्या विद्यार्थ्याला पाठ करावे लागले. रोग मूत्राशयात अधिक आढळतो, आतड्यात कमी.

पेशीच्या आत शिरणारी प्रतिजैविके, म्हणजे सिप्रोफ्लोक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल, दीर्घकाळ द्यावी लागतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे शक्य तितकी उतरवावी लागतात. हा दुसरा भाग प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशिवाय कोणीही ठरवायचा नाही. स्वतः गोळी कमी केलीत तर मूत्रपिंड गमवाल. आणखी एक गोष्ट : मॅलॅकोप्लाकिया कधी कधी आतड्याच्या कर्करोगाच्या शेजारी आढळतो. त्यामुळे संपूर्ण मोठे आतडे शेवटपर्यंत पाहिले होते का, हे अहवालात तपासा.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलाच्या आतड्याची गाठ काढली. आधी ‘इन्फ्लमेटरी स्यूडोट्यूमर’ म्हणाले, मग ‘इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर’. स्यूडो म्हणजे खोटा ना? मग पाच वर्षे तपासणीला का बोलावतात?

उत्तर : जुन्या नावाने तुमची दिशाभूल केली. पूर्वी दाहपेशींनी भरलेल्या निरनिराळ्या गाठी ‘स्यूडोट्यूमर’ या एकाच पोत्यात भरल्या जात. पुढे लक्षात आले, की त्यांतली काही खरी अर्बुदे (ट्यूमर) आहेत. दाहपेशी नुसती गर्दी करतात, मूळ पेशी लांबट मायोफायब्रोब्लास्ट असतात. निम्म्याहून अधिक गाठींत एएलके जनुकाची पुनर्रचना सापडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ साध्या आणि घातक यांच्या मधल्या गटात आहे : त्याच जागी पुन्हा उद्भवू शकते, दूरवर क्वचितच पसरते. म्हणून तपासण्या.

पूर्णपणे काढून टाकणे हाच मुख्य उपचार आहे, आणि बहुतेक मुलांना त्यानंतर दुसरे काही लागत नाही. अहवालात दोन गोष्टी शोधा : कापलेल्या कडा गाठमुक्त आहेत का, आणि एएलकेची तपासणी झाली का. काढता न येणाऱ्या किंवा परत उद्भवलेल्या एएलके-युक्त गाठींसाठी क्रिझोटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली, म्हणून ही नोंद आजच करून ठेवलेली बरी. शस्त्रक्रियेआधी मुलाला ताप, ॲनिमिया, वाढलेला ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) असे काही होते का? अनेकांना असते आणि गाठ काढताच ते थांबते. ते परत दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : डाव्या बाजूला अचानक बोट ठेवून दाखवता येईल असे दुखू लागले. स्कॅनमध्ये आतड्याला चिकटून तीन सेंटिमीटरचा ‘चरबीचा सुजलेला गोळा’ दिसला. ताप नाही. ऑपरेशन?

उत्तर : नको. मोठ्या आतड्याच्या बाहेरून चरबीचे छोटे लोंबते झुबके असतात. त्यातल्या एखाद्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटला, की असे होते. स्कॅनमधले चित्र नमुनेदार असेल, तर वेदनाशामक पुरते, प्रतिजैविकही लागत नाही, आणि एक-दोन आठवड्यांत दुखणे ओसरते. ताप आला किंवा दुखणे वाढले, तर पुन्हा दाखवा.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८. ‘अपेंडिक्सचा गोळा’ म्हणून आठवडाभर सलाइन आणि इंजेक्शने दिली. गोळा बसला, दुखणे गेले. सहा आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करा म्हणतात. ती म्हणते, बरी झाले, आता नळी कशाला?

उत्तर : आईचे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण या एका बाबतीत तिचे ऐकू नका. सुजलेल्या अपेंडिक्सभोवती आतडे आणि चरबीचा पडदा गोळा होऊन बसतो, तेव्हा घाईने चाकू न लावता औषधांनी तो शांत होऊ द्यायचा, ही ऑक्स्नर-शेरन पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. तुमच्या डॉक्टरांनी तेच केले. मात्र चाळिशीनंतर असा गोळा झाला, तर मागे सीकमचा कर्करोग नाही ना, हे पाहावेच लागते. अपेंडिक्सचे तोंड सीकममध्येच उघडते, आणि तिथल्या गाठीने ते बुजले की पुढचे सगळे अपेंडिसायटिससारखेच घडते. सूज असताना नळी घालणे धोक्याचे आणि चित्रही फसवे, म्हणून सहा आठवड्यांची मुदत दिली आहे. आतड्याच्या डाव्या बाजूच्या डायव्हर्टिक्युलमच्या (भिंतीला आलेल्या छोट्या पिशवीच्या) सुजेनंतरही बहुतेक वेळा याच कारणाने एवढेच थांबायला सांगतात.

आईला अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर तपासणीच्या पाच ते सात दिवस आधी त्या थांबवा. लोहामुळे आतड्याच्या भिंतीवर काळा, चिकट थर बसतो आणि तो धुता धुता निम्मा वेळ जातो. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती कधी थांबवायची हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आतडे साफ करण्याचे औषध चवीला खारट असते. ते थंड करून, थोडे थोडे करत, पण सांगितलेल्या वेळेत सगळे संपवायचे. अर्धे उरवले, तर सीकमपर्यंत स्वच्छ दिसत नाही, आणि आपल्याला पाहायचे आहे ते नेमके तिथेच.